संजा गेली, हत्ती आला

(हीरक महोत्सवी वर्षातील माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



साठ वर्षे पूर्ण झालेल्या शाळेच्या मुख्याध्यापिकेने अशा प्रसंगी प्रगतीचा आढावा घ्यावा, अशी रीत आहे. तो आढावा अहवालात छापला आहे. पटसंख्या, निकाल, नव्या खोल्या, जुनी देणी असे सगळे त्यात आहे. तो आपण घरी निवांत वाचावा. आज मला एका प्रश्नाविषयी बोलायचे आहे. पालकसभेत तो दरवर्षी कोणीतरी विचारतेच. "बाई, घरात मराठी, गल्लीत हिंदी, आजोळी माळवी, आणि पुढे सगळे इंग्रजी. या ओढाताणीत आमच्या मुलाचे एक तरी धड होईल का?"

या प्रश्नाला मी अनेक वर्षे एक ठरावीक उत्तर देत आले. अनेक भाषांत आणि अनेक चालीरीतींत वाढणारे मूल अधिक कल्पक होते, आपण काळजी करू नये. पालकांचे समाधान होई आणि सभा पुढच्या विषयाकडे वळे. परंतु ते उत्तर मी स्वतः कधी तपासून पाहिले नव्हते. माझ्या हातातली लाल शाई तर त्याच्या नेमके उलट वागत होती. ते कसे, हे आधी सांगते.

मी मूळची वाईची. पुण्याला मराठी घेऊन एम. ए. केले आणि १९९४ साली लग्न होऊन इंदूरला आले. सासूबाईंचा जन्म इथला, त्यांच्या आईचाही इथलाच. माझ्या पहिल्या पावसाळ्यात एके दुपारी त्यांनी हाक मारली, "सूनबाई, पाणी पडतंय, गच्चीवरचे कपडे आण." मी कपडे आणले आणि नव्या सुनेला न शोभणाऱ्या आगाऊपणाने म्हटले, "आई, पाऊस पडतोय म्हणावं." त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि शांतपणे म्हणाल्या, "अगं, वरून पाणीच पडतंय ना?"

या तर्काला माझ्याजवळ उत्तर नव्हते, तरी माझी समजूत बदलली नाही. इथली मराठी बिघडलेली आहे आणि ती सुधारणे हे माझे काम आहे, अशा भावनेनेच मी १९९६ साली या शाळेत रुजू झाले. मुलांच्या वह्यांत "पाणी पडत होते" असे वाक्य आले की त्याखाली लाल रेघ ओढून वर "पाऊस" लिहीत असे. अशा किती रेघा ओढल्या, त्याची गणती नाही. आज इथे बसलेल्यांपैकी काही जणांच्या वह्यांतही त्या असतील.

१९९८ सालची गोष्ट. सहावीच्या वर्गाला मी "आमच्या घरचा भोंडला" हा निबंध दिला होता. वर्गात एक मुलगी होती. तिचे वडील मराठी, आई उज्जैनकडच्या माळवी कुटुंबातली. तिने निबंधाची सुरुवात भोंडल्याने न करता संजेने केली.

इथल्या मंडळींना संजा सांगायला नको. परंतु हा अंक महाराष्ट्रातही जाणार आहे, म्हणून दोन वाक्ये. पितृपक्षाच्या दिवसांत माळव्यातल्या मुली संध्याकाळी घराच्या भिंतीवर शेणाने आकृत्या काढतात आणि त्या फुलांच्या पाकळ्यांनी सजवतात. रोज नवी आकृती आणि त्यासमोर गाणी. शेवटी किलाकोट नावाचा मोठा कोट भिंतीवर उभा राहतो. संजा ही त्यांची सखी. ती सासरी जाणार असते आणि गाण्यांतून माहेर-सासरच्या गोष्टी चालतात. सर्वपित्री अमावास्येला ती निघून जाते. आपल्या मराठी घरांत हाच पितृपंधरवडा म्हणजे गाण्याबजावण्याला विश्रांती. मी इंदूरला आले त्या वर्षी शेजारच्या अंगणातून ऐन पितृपक्षात मुलींची गाणी ऐकू आली, तेव्हा "श्राद्धाच्या दिवसांत ही कसली गाणी?" असेच माझ्या मनात आले होते.

त्या मुलीच्या घरी मात्र दोन्ही होते. अमावास्येपर्यंत आईच्या बाजूची संजा आणि दुसऱ्या दिवशी, अश्विन शुद्ध प्रतिपदेला, आजीच्या पाटावर हत्ती काढून भोंडला. या दोहोंमध्ये एका रात्रीचे अंतर. त्या रात्रीविषयी तिने लिहिले होते की संजा सासरी पोहोचली, मैत्रिणींची आठवण येऊन रडू लागली, तेव्हा तिच्या सासऱ्यांनी आपला हत्ती परत पाठवला, तोच सकाळी आमच्या पाटावर येऊन उभा राहिला. "म्हणून आम्ही हत्तीभोवती फेर धरतो आणि त्याला संजेची खुशाली विचारतो," असे शेवटचे वाक्य होते.

मी त्या परिच्छेदावर आडवी रेघ मारली. समासात "विषयांतर" असे लिहिले. हत्तीच्या वाक्याखाली "अशी कथा नाही" असा शेरा दिला आणि दहापैकी चार गुण दिले. त्याच दिवशी दुसऱ्या एका मुलाचा निबंध आदर्श म्हणून वर्गात वाचून दाखवला. तो गाईडमधून उतरवलेला होता, हे मला आणि वर्गालाही ठाऊक होते.

मुलगी हुशार होती. आपल्याकडून काय हवे आहे ते तिने एका फटक्यात ओळखले. पुढच्या चार वर्षांत तिच्या निबंधांत शुद्धलेखनाची चूक क्वचितच सापडली. गुण कधी पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली आले नाहीत. तिच्या वहीत हत्ती मात्र पुन्हा आला नाही.

हे सारे मी विसरूनही गेले होते. त्याची आठवण पुढे ज्या निमित्ताने झाली, तिकडे वळण्यापूर्वी आपल्या माळव्यातल्या एका मोठ्या गायकाविषयी बोलते. या प्रश्नाचा विचार करायला मला त्यांनी शिकवले.

पंडित कुमार गंधर्व यांची जन्मशताब्दी २०२४ साली झाली. बेळगावजवळच्या सुळेभावीत ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ हा मुलगा कानडी घरातला. कोणतीही ध्वनिमुद्रिका ऐकावी आणि ते गाणे त्या गायकाच्या लकबींसह जसेच्या तसे गाऊन दाखवावे, ही त्याची बालवयातली करामत. सात-आठ वर्षांच्या त्या मुलाला "कुमार गंधर्व" ही पदवी मिळाली ती याच अलौकिक नकलेमुळे. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे सुमारे दहा-अकरा वर्षे त्यांचे शिक्षण झाले. देवधर मास्तर एका घराण्याच्या भिंतीत राहणारे नव्हते. नाना तऱ्हेचे गायक त्यांच्या शाळेत येत आणि मुलांच्या कानांवर सर्व प्रकारचे गाणे पडे. मराठी भाषा, बालगंधर्वांची पदे, मुंबईच्या बैठका हे सारे कुमारजींना तिथे लाभले. म्हणजे आपण ज्यांना मराठी रसिकांचे गायक म्हणतो, त्यांच्यासाठी मराठी हीसुद्धा दुसरी भाषा होती, हे सहसा लक्षात येत नाही.

आणि मग क्षय झाला. हवापालटासाठी १९४८ मध्ये ते देवासला आले. इंदूरपासून तासाभराच्या अंतरावरचे हे गाव, देवीच्या टेकडीखाली. डॉक्टरांनी गाणे बंद केले. पाचएक वर्षे अंथरुणावर. पत्नी भानुमतीबाईंनी जी शुश्रूषा केली तिच्याविषयी फार थोडे लिहिले गेले आहे, ते अधिक लिहिले जावे असे मला नेहमी वाटते. त्या वर्षांत कुमारजींना गाता येत नव्हते. ऐकता येत होते. लग्नाची, ऋतूंची, दळणकांडणाची बायकांची गाणी आणि रस्त्याने जाणाऱ्या नाथपंथी जोग्यांची निर्गुणी भजने त्यांच्या कानांवर पडत राहिली. बरे झाल्यावर त्यांनी ही गाणी गोळा केली, त्यांच्या धुना स्वरलिपीत मांडल्या आणि त्यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला.

इथे मी थोडी थांबते, कारण नेमके काय घडले हे नीट पाहायला हवे. लोकगीत बैठकीत गाऊन गंमत आणणे सोपे असते. अनेक जण तसे करतात. कुमारजींनी एक प्रश्न विचारला. चार-पाच स्वरांत मावणारी ही धून आणि आपण ज्याला राग म्हणतो ती रचना, यांचे नाते काय? रागाचे मूळ धुनेत आहे, असे त्यांचे मत झाले. त्या वाटेने लगनगंधार, मालवती, संजारी, मधसुरजा, सहेली तोडी, अहिमोहिनी असे धुनउगम राग आकाराला आले. १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या "अनूपरागविलास" या ग्रंथात त्यांच्या बंदिशी पाहायला मिळतात. त्यांतल्या अनेकींचे शब्द माळवी बोलीच्या वळणाचे आहेत.

हा प्रश्न त्यांनाच का सुचला? माळव्यातल्या स्त्रीला तो सुचणार नाही, कारण तिच्यासाठी ते हळदीचे गाणे आहे. हळद लागली की गाणे संपले. मुंबईच्या बैठकीतल्या जाणकारालाही तो सुचणार नाही, कारण त्याच्या कानाला ते गावठी आहे. दोन्हींच्या मध्ये पडून राहिलेल्या माणसालाच ती धून धून म्हणून ऐकू आली. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्यानंतर त्याला आपले स्वतःचे गाणेही वेगळे ऐकू येऊ लागले. जे आजवर केवळ "असेच असते" म्हणून गळ्यातून निघत होते, ते "असेच का असते?" असे दिसू लागले. मला वाटते, दुसऱ्या संस्कृतीचे खरे देणे हेच. तिच्याकडून चार नव्या वस्तू मिळतात हे खरेच, पण आपल्या घरातल्या जुन्या वस्तूंकडे पाहुण्याच्या डोळ्यांनी पाहता येते, हे त्याहून मोठे. नकला करणारा तो अद्भुत मुलगा स्वतःचे गाणे घेऊन उभा राहिला तो या वाटेने. पुढे कुमारजींनी "गीत वर्षा"सारखे ऋतूंचे कार्यक्रम केले, कबीर गायला. तसेच बालगंधर्वांची पदे, तुकोबांचे अभंग आणि तांब्यांच्या कविता यांचेही स्वतंत्र कार्यक्रम केले. माळवा ऐकून आलेला माणूस पुन्हा मराठीकडे वळला आणि तिथेही त्याला नवे दिसले.

टीकाही पुष्कळ झाली. घराण्यांच्या अभिमान्यांना हे गाणे पटले नाही. तो वाद मी इथे उकरून काढत नाही, माझा तो अधिकारही नाही.

मात्र बाहेरून आलेल्या प्रत्येकाच्या बाबतीत असे घडते, असा समज कोणी करून घेऊ नये. उदाहरण मी स्वतः आहे. चार वर्षे मी शेजारच्या अंगणातली संजा ऐकत होते. मला तो आवाज वाटत होता.

तांब्यांचा उल्लेख आलाच आहे. भा. रा. तांबे यांचे आयुष्य देवास-ग्वाल्हेरसारख्या मध्य भारतातल्या संस्थानांत गेले. त्यांच्या कवितेतली गेयता, अनेक कवितांवर दिलेले राग-तालांचे निर्देश यांच्यामागे इथल्या हिंदुस्थानी संगीताचा सहवास आहे. महाराष्ट्राने ती कविता डोक्यावर घेतली. ती कुठल्या मातीत उगवली, हे मात्र पाठ्यपुस्तकात एका ओळीत उरकले जाते.

आणि मुक्तिबोधांचे घर! एकाच मराठी घरातले दोन भाऊ. थोरले गजानन माधव मुक्तिबोध हिंदीत लिहू लागले आणि आधुनिक हिंदी कवितेचे एक शिखर झाले. धाकटे शरच्चंद्र मराठीत राहिले. "नवी मळवाट" हा त्यांचा काव्यसंग्रह आणि उज्जैनच्या नदीचे नाव ल्यालेली "क्षिप्रा" ही कादंबरी. १९४३ साली अज्ञेयांनी संपादित केलेल्या "तार सप्तक" या संग्रहाने हिंदी कवितेला नवे वळण दिले असे मानतात. त्यातल्या सात कवींपैकी दोघे, गजानन माधव मुक्तिबोध आणि प्रभाकर माचवे, मराठी मातृभाषेचे होते. मी हे दहावीच्या वर्गात सांगते तेव्हा मुलांना आश्चर्य वाटते. आपण हिंदीच्या तासाला शिकतो तो कवी घरी आपल्यासारखेच बोलत असे, ही कल्पनाच त्यांना नवी असते.

आता पुन्हा त्या मुलीकडे. काही वर्षांपूर्वी ती आपल्या लेकीच्या प्रवेशाची चौकशी करायला शाळेत आली. मी लगेच ओळखले. पाया पडली, हसली आणि हिंदीत बोलू लागली. मी म्हटले, "अगं, माझ्याशी मराठीत बोल की." ती ओशाळून म्हणाली, "मॅडम, मेरी मराठी उतनी अच्छी नहीं है." शाळेत असताना मराठीत अव्वल गुण मिळवणारी मुलगी! बोलता बोलता मी तिला भोंडल्याच्या त्या निबंधाविषयी विचारले. तिला तो आठवत नव्हता. मला त्या क्षणी त्यातला शब्दन्‌शब्द आठवला. तिने लेकीला अखेर दुसऱ्या शाळेत घातले, आणि तो निर्णय तिने विचारपूर्वकच घेतला असेल.

एका निबंधावरच्या एका रेघेने कोणाची भाषा जात नाही, एवढे मला कळते. संसार, नोकरी, शहर या सगळ्यांचा त्यात वाटा असतो. परंतु तशा रेघा मी पुष्कळ ओढल्या. त्या मुलीच्या मनात दोन अंगणे एकत्र आली होती आणि त्यांतून एक नवी कथा जन्मली होती. "अशी कथा नाही" हा माझा शेरा अगदी खरा होता. ती तिने लिहीपर्यंत नव्हतीच.

तेव्हा पालकांच्या प्रश्नाला माझे आजचे उत्तर पूर्वीइतके गोड नाही. दोन-तीन संस्कृतींत वाढल्याने मूल आपोआप कल्पक होते, असे मी आता म्हणत नाही. कोणत्याच भाषेत मनातले पुरते सांगता येत नाही अशी मुले मी पाहिली आहेत. त्यांची घुसमट भयंकर असते. कुमारजी देवासला आले ते रिकाम्या हाताने आले नव्हते. देवधर मास्तरांची अकरा वर्षे त्यांच्या गाठीशी होती. म्हणून ही शाळा मराठी शिकवताना ढिलाई करणार नाही. व्याकरण होईल, पाठांतर होईल, शुद्धलेखनही होईल. काही पालकांना ते जाचक वाटते, मला ठाऊक आहे. एका भाषेत तरी मुलाचे पाय खोल रोवलेले असायला हवेत.

पण दुसऱ्या अंगणाची त्याला लाज वाटता कामा नये. ती लाज आम्ही शिक्षकच निर्माण करतो, आणि पालकही करतात. घरी आलेल्या पुण्याच्या पाहुण्यांसमोर "आमचं इंदुरी मराठी" म्हणून हसत क्षमा मागणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्याच आया त्या पाहुण्यांना वाफेवरचे, बडीशेप घातलेले, वर शेव आणि जिरावन भुरभुरलेले पोहे मात्र अभिमानाने खाऊ घालतात! पोह्यांना जी मुभा आहे ती भाषेला का नसावी, हे मला कोणी अजून समजावून सांगितलेले नाही.

मग परीक्षेचे काय, असे आपण विचाराल. प्रश्न रास्त आहे. परीक्षक "पाणी पडत होते" हे वाक्य कापणार. म्हणून आता आमच्या निबंधाच्या वहीत ते वाक्य आले की आम्ही ते खोडत नाही. समासात "पाऊस पडत होता" हेही लिहून देतो आणि कुठे कोणते वापरायचे ते मुलांना सांगतो. तिसरीतल्या एका मुलाने मला विचारले, "बाई, यातलं खरं कोणतं?" मी त्याला माझ्या सासूबाईंचे उत्तर सांगितले. त्याला ते पटले. मला पटायला वीस वर्षे लागली होती.

शेवटी एक विनंती. यंदाच्या पितृपक्षात शाळेच्या मागच्या व्हरांड्यातली लांब भिंत आम्ही संजेसाठी मोकळी ठेवणार आहोत आणि अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी त्याच व्हरांड्यात पाटावर हत्ती मांडणार आहोत. आमच्यापैकी एकाही शिक्षिकेला संजेची सगळी गाणी येत नाहीत. ज्यांच्या आई, आजी, मावशी यांना ती येतात, त्यांनी त्यांना घेऊन शाळेत यावे. मुली लिहून घेतील. खिरापत शाळेची. शेणाचा प्रश्न होता, शहरात ते मिळणे आता कठीण झाले आहे. परंतु १९८९ च्या तुकडीतल्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याचा गोठा आहे आणि सोळाही दिवस पाठवीन असे त्यांनी कबूल केले आहे. त्या सहावीतल्या मुलीलाही मी पत्र पाठवले आहे. ते मराठीतच लिहिले आहे आणि संजा सासरी गेल्यावर काय झाले, एवढेच विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.